तात्याबाच्या फोटोवरचा शेरा

गंगाधर सोवनीच्या नजरेची सांगलीत ख्याती होती, आणि खरं सांगायचं तर त्या ख्यातीनंच त्याचा घात केला.

माणूस तसा सरळ. मूळचा वाईचा, एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स केलेला, आणि चौदा वर्षं सांगलीत डॉ. आठल्यांच्या एक्स-रे सेंटरवर नोकरीला. टेक्निशियननं फोटो काढायचा आणि डॉक्टरांनी तो वाचायचा, असा जगाचा नियम. पण आठल्यांकडं तो नियम कुणाच्या ध्यानात न येता पातळ होत गेला होता. डॉक्टर साठी ओलांडून गेलेले, नजर मंदावलेली. ओल्या फिल्म वाळवणीवरून उतरवता उतरवता गंगाधर म्हणायचा, "डॉक्टर, ह्या तीन जरा निवांत बघा." आणि त्या तिन्हींत काहीतरी असायचंच. डॉक्टर भेटेल त्याला सांगत, "माझे दोन डोळे म्हातारे झाले. तिसरा डोळा म्हणजे हा गंगाधर." मग काय विचारता! स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसली ती बसलीच.

शिराळ्याकडच्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनचा थोरला भाऊ फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला होता. जन्मभर विडी. चेअरमननं तेव्हा मनावर घेतलं, की चाळिशी ओलांडलेल्या आणि विडी ओढणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या छातीचा फोटो दरवर्षी गळीत हंगामाच्या आधी काढायचा. काही दुखत नसताना काढायचा. गाठ बोराएवढी असतानाच सापडली तर कापून काढता येते, माणूस वाचतो. वर्षाला एखादा, क्वचित दोघं सापडत आणि वाचत. शिबिर आठल्यांच्या सेंटरचं, म्हणजे खरं तर गंगाधरचं.

दिवसाला शंभर-दीडशे फोटो निघत. गंगाधर त्यांचे दोन गठ्ठे लावायचा. 'बघा' म्हणून बांधलेला गठ्ठा डॉक्टर भिंग घेऊन बघत. 'स्वच्छ' गठ्ठा ते उजेडापुढून भराभर सरकवत आणि सह्या ठोकत. स्वच्छ गठ्ठ्यातल्या एखाद्या फोटोत डाग असला आणि त्याचं साधं कारण गंगाधरला ठाऊक असलं, तर तो पिवळ्या मेणपेन्सिलीनं बाण काढून बाजूला शेरा लिहायचा. 'बटण'. 'शर्टाची घडी'. आणि सगळ्यात जास्त वेळा 'ताईत'.

त्या भागात ताईत नाही असा गळा विरळा. अंगारा मेणात कालवून गोळी करायची, वरून कापड शिवायचं आणि काळ्या दोऱ्यात ओवायची. धातूचा ताईत फोटोत पांढराफेक, कडक काठाचा उठतो, तो आंधळ्यालाही कळेल. मेणाचा मात्र मऊ, करडा, गोल दिसतो. गाठ दिसते तस्साच. म्हणून गंगाधर दरवर्षी आदल्या दिवशी कारखान्यात आणि वाड्यावस्त्यांवर दवंडी द्यायला लावायचा, की गळ्यातलं, दंडातलं सगळं घरी काढून ठेवून या. ऐकतोय कोण! माणसं शर्ट काढत, बनियन काढत, ताईत म्हटलं की छातीवर हात ठेवत. "आवं साहेब, द्येवाचं हाय, ऱ्हाऊ द्या." गंगाधर वाद घालून घालून थकला होता. शेवटी शेरा लिहिणं सोपं पडायचं.

पंच्याण्णव सालच्या शिबिरात, दुपारी जेवायच्या वेळेला, त्यानं एका फोटोवर बाण काढून 'ताईत' लिहिलं. उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला करडा गोल डाग. मनात कसली शंका नाही, कुशंका नाही. पोटात कावळे ओरडत होते, एवढंच त्याला पुढं आठवलं. फोटो स्वच्छ गठ्ठ्यात गेला, शनिवारी डॉक्टरांची सही झाली.

डिसेंबरात एक बेचाळिशीचा माणूस खोकत सेंटरवर आला. तात्याबा. पंधरा वर्षं पलटणीत काढून आलेला, आता कारखान्यात बॉयलरवर. रुमालात रक्त. नव्या फोटोत उजव्या बाजूला वर मुठीएवढी गाठ होती आणि ती आता कापायच्या पलीकडं गेली होती. डॉक्टर म्हणाले, "ह्याचा शिबिरातला फोटो काढ रे गंगाधर, तेव्हा काय होतं बघू."

गंगाधरनं मागच्या खोलीत जाऊन गठ्ठा सोडला. नंबर मिळाला. फोटो उजेडापुढं धरला. जिथं आज मूठ होती, बरोब्बर तिथंच त्याचा पिवळा बाण होता.

आता तरी बाहेर येऊन सांगावं की नाही? डॉक्टर चार शब्द बोलले असते, ऐकून घ्यायचे. पण चौदा वर्षांची ख्याती बोलायला देईल तर ना! "सापडत नाही डॉक्टर," म्हणाला आणि फोटो पिशवीत घालून घरी घेऊन गेला. कपाटाच्या मागं, भिंतीला चिकटवून उभा केला. मनाशी म्हणाला, ताईतही असेल आणि ताईताच्या आड गाठही असेल, कुणाला दिसली असती? हा एवढाच आडोसा धरून तो बसला.

चैत्रात तात्याबा गेल्याचं कळलं. आणि तिथून पुढं ते सुरू झालं.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्म औषधात हलवताना फुप्फुसं हळूहळू उमटतात. गंगाधरला आता आधी डाग उमटताना दिसायचा. फासळ्या नंतर. उजवीकडं, वर, करडा, गोल. बाई असो, म्हातारा असो, शाळेतलं पोर असो. फिल्म धुऊन उजेडात आणली की काही नाही, छाती आरशासारखी लख्ख. परत आत गेला की परत डाग. एकाच माणसाचे दोन-दोन, तीन-तीन फोटो काढायला लागला. डॉक्टर म्हणाले, "अरे, फिल्मचा फडशा काय पाडतोयस?"

दुसरं त्याहून वाईट होतं. फोटो काढताना टेक्निशियन म्हणतो, श्वास घ्या, धरा, आणि मशीनचा आवाज झाला की सोडा. हजारो वेळा म्हटलेलं. पण तात्याबाला आपण 'सोडा' म्हटलं होतं का, हे गंगाधरला आठवेना. घाई होती, भूक लागली होती. शिबिरातला त्याचा चेहरासुद्धा आठवत नव्हता, आठवायची ती नुसती पाठ. फिल्मच्या पाटीला छाती टेकवून, खांदे पुढं घेऊन, श्वास धरून उभी असलेली पाठ. खोली रिकामी असली तरी त्या पाटीपुढं कुणी तरी अजून उभं आहे, आपण सांगायची वाट बघतंय, असं त्याला भरदुपारी वाटायचं. एका सकाळी चहा देताना बायको, शरयू, म्हणाली, "अहो, रात्रभर 'सोडा, सोडा' काय चाललं होतं? कुणी धरलं होतं तुम्हाला?" गंगाधरनं बशीतला चहा तसाच ठेवला आणि उठला.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी एक बाई सेंटरवर आली. कपाळ रिकामं, पायांवर एस.टी. स्टँडपासून चालत आल्याची धूळ. म्हणाली, "फोटूवालं साहेब तुमीच न्हवं? मी विजयमाला. तात्याबाची मंडळी."

त्यानं तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली नाही, तांब्या मांडीवर धरून बोलत राहिली.

"तुमी दवंडी दिली व्हती बगा, गळ्यातलं समदं काडून या म्हनून. त्येनी काय ऐकाया तयार न्हवतं. ज्योतिबाचा ताईत, आत्याबाईंनी त्येंच्या ल्हानपनी बांदल्याला. म्याच म्हनलं, आवं, शिकल्याली मानसं सांगत्यात म्हंजे कायतरी आसंलच की. आन् ह्या हातानं सोडला, द्येवाच्या पाटावर ठिवला. सात म्हैन्यात मानूस गेलं."

म्हणजे गळ्यात ताईत नव्हताच. दवंडी ऐकून ताईत काढून आलेला त्या दिवशीचा तो एकच शहाणा असेल, आणि गंगाधरनं त्याच्याच फोटोवर 'ताईत' लिहून ठेवलं होतं. इतके महिने धरलेला आडोसा असा एका क्षणात पडला.

"आत्याबाई म्हनत्यात," सासूबद्दल ती खाली मान घालून सांगत होती, "ताईत व्हता तंवर रोग भाईर हुबा व्हता. तू दार उगडून दिलंस. रोज दिवाबत्तीच्या येळंला उंबऱ्यात बसत्यात आन् माझं नाव घिऊन तळतळाट देत्यात. समदी वाडी ऐकती. नागपंचमी झाली की मला पाटनला म्हायेरी धाडनार हायती. पोरगी ठिऊन घेनार. शिवांजली. नऊ वर्सांची हाय, माझ्याबिगार झोपत न्हाई."

"मग... माझ्याकडं काय काम होतं?"

"म्या लय इचार केला, साहेब. ताईत सोडला त्याच दिशी, दोन तासांनी तुमी फोटू काडला. दोन तासात काय गाठ व्हती का? त्या फोटूत डाग आसंल, तर रोग आदीच आत व्हता. म्हंजे म्या न्हाई मारलं त्येस्नी. आन् फोटू सोच्छ आसंल तर..." ती थांबली. "मला त्यो फोटू दावा."

चौथी शिकलेली बाई! दोन डॉक्टरांच्या डोक्यात आलं नसतं ते तिनं चुलीपुढं बसून शोधून काढलं होतं. आणि तिला हवा तो पुरावा गंगाधरच्या कपाटामागं भिंतीला टेकून उभा होता.

"बाई, जुने फोटो राहत नाहीत," गंगाधर म्हणाला. "सापडणार नाही."

"बरं, ऱ्हाऊ द्या. पन तुमी बगितला व्हता न्हवं? त्येनी सांगायचं, त्या साहेबांची नजर लय भारी. तुमास्नी याद आसंल. तुमी तोंडानं सांगा, मी मान्य करते."

आता ह्यावर काय बोलावं? बोलायचं एकच होतं. पण आतल्या खोलीत डॉक्टर बसले होते, दार उघडं होतं, आणि गंगाधरच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाच ऐकवेना.

"स्वच्छ होता," तो म्हणाला.

ती रडली नाही, ओरडली नाही. तांब्या बाकावर ठेवला, पदर सारखा केला. "बरं झालं इचारलं," म्हणाली. "आता जिवाला घोर न्हाई. आत्याबाईंचं खरं हाय. म्याच खाल्लं त्येस्नी." आणि गेली.

अरे गंगाधरा, आधीची ती चूक होती. चूक माणसाच्या हातून होते. पण हे काय केलंस? हे तर तू समजून-उमजून केलंस. हे मी म्हणतो असं नाही, तोच स्वतःला दिवसभर म्हणत होता. त्या दिवशी त्यानं एकोणीस फोटो काढले आणि एकोणीसच्या एकोणीस फिल्मवर, लाल दिव्याखाली, डाग आला. विसाव्या माणसाला पाटीपुढं उभं केलं, श्वास घ्या म्हटलं, धरा म्हटलं, आणि पुढचा शब्द घशातून बाहेरच येईना. तो माणूस बिचारा गाल फुगवून उभा. शेवटी तो स्वतःच खोकला आणि म्हणाला, "मारता काय राव?" गंगाधर डार्करूममध्ये गेला, आतून कडी लावली आणि तोंडात रुमाल कोंबून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोटो आणून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तो दिव्याच्या पेटीवर लावला. भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"हा ताईत नाही रे," ते म्हणाले. "काठ बघ, केसाळ आहे. मी नीट बघितलं असतं तर मलाही कळलं असतं. मी सही केली. तुझ्या शेऱ्यावर केली."

"मी शिराळ्याकडं जाऊन येतो, डॉक्टर."

डॉक्टरांनी पेटीचा दिवा मालवला. आवाज चढवला नाही, उलट हळू बोलले. "जाऊ नकोस. माझ्या नावासाठी म्हणत नाही, माझं आता राहिलंय काय? पण हे कळलं की पुढच्या वर्षी एक माणूस छाती उघडी करून तुझ्यापुढं उभा राहणार नाही. वर्षाला एक-दोन वाचतात तेही मरतील. त्यांचा हिशोब कुणी करायचा?"

बोलणं खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत. गंगाधर खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "त्या बाईची पोरगी काढून घेणार आहेत, डॉक्टर. आणि मी तिला 'स्वच्छ' म्हणून सांगितलं." त्यानं फोटो पेटीवरून काढला. डॉक्टरांनी हात पुढं केला, मग मागं घेतला.

एस.टी.नं शिराळा, आणि तिथून दीड कोस पायी. वाडीत पोचला तेव्हा उन्हं कलली होती. परवावर नागपंचमी आलेली, बायका अंगणं सारवत होत्या. तात्याबाच्या घरापुढं एक म्हातारी घोंगडीवर बसली होती, ती हरणाबाई, तात्याबाची आई. विजयमाला गोठ्याच्या बाजूला एकटीच शेणी लावत होती. गंगाधरला बघून ती उठून उभी राहिली.

"मी सांगलीचा फोटोवाला," गंगाधर म्हातारीला म्हणाला. "तुमच्या मुलाचा फोटो आणलाय. शिबिरातला."

त्यानं फोटो मावळतीच्या उजेडासमोर धरला. हरणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, जवळ आली. "ह्यो माझा तात्याबा?" तिनं फासळ्यांवरून बोट फिरवलं, एकेका फासळीवरून, वरून खाली. "आतनं आसा व्हता व्हय."

विजयमाला पुढं आली होती. बाणाशी तिची नजर अडली. तिनं अक्षरं लावून वाचलं. "ताईत," ती म्हणाली. "पन ताईत तर द्येवाच्या पाटावर व्हता. ह्ये कुनी लिवलं?"

"मी लिहिलं," गंगाधर म्हणाला. "हा डाग म्हणजे ताईत नाही, गाठ आहे. त्या दिवशीच होती. त्याच्याही आधीपासून असणार, कित्येक महिने. ताईत सोडल्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही. मला वाटलं ताईतच असेल, मी बघितलं नाही, विचारलं नाही, लिहून मोकळा झालो. नंतर कळलं तेव्हा फोटो लपवला. आणि काल ह्यांना खोटं सांगितलं."

शेजारच्या बायका हातातलं सारवण टाकून कुंपणाशी आल्या होत्या.

"तवाच कळलं असतं तर?" विजयमालानं विचारलं.

हा प्रश्न येणार हे गंगाधरला वाटभर माहीत होतं. "तेव्हा बोराएवढी होती. कापून काढली असती." गंगाधर म्हणाला. "बहुतेक वाचले असते."

तेव्हा ती मटकन खाली बसली. इतके महिने अडवून धरलेलं सगळं बाहेर पडलं. "आरं द्येवा," ती कपाळ जमिनीवर आपटत म्हणाली, "ह्यापरीस म्याच मारलं आसतं तर बरं झालं आसतं! वाचत व्हतं माझं मानूस! वाचत व्हतं!" गंगाधर एक पाऊल पुढं झाला आणि तिथंच थिजला. त्याला वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आपण आलोय. एक उतरवून त्याहून जड दुसरं तिच्या डोक्यावर ठेवलं, हे त्याला आता दिसत होतं.

हरणाबाई सुनेजवळ गेली. वाकून तिनं तिचं कपाळ जमिनीवरून उचललं, स्वतःच्या पोटाशी धरलं. आतून नऊ वर्षांची पोर धावत आली आणि दोघींच्या मधे शिरली. म्हातारीनं तिलाही धरलं. गंगाधरला कुणी बस म्हणालं नाही आणि जाही म्हणालं नाही.

मग म्हातारीनं मान वर केली. "नाव काय तुमचं?"

"गंगाधर."

"बापाचं?"

"विष्णू."

"आडनाव? गाव?"

"सोवनी. राहतो सांगलीत, मूळ गाव वाई."

तिनं ते सगळं एकदा ओठातल्या ओठात म्हटलं. चुकलं नाही. मग गंगाधरच्या हातातला फोटो तिनं काढून घेतला, आणि त्यानं तो परत मागितला नाही.

तो वाडीच्या उतारावर आला तोवर घरोघरी दिवे लागायला लागले होते. मागून हरणाबाईचा आवाज आला. पिळवटून काढलेला, उंच, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा. गंगाधर थांबला. पळून जावं असं वाटलं, पण पळाला नाही. रस्त्याच्या कडेला, हात खाली सोडून, त्यानं तो तळतळाट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कान देऊन ऐकला. त्याचं नाव होतं, बापाचं होतं, गाव होतं, पुढच्या सात पिढ्या होत्या. विजयमालाचं नाव त्यात कुठंही नव्हतं.